फ्रँकेनस्टाईनचा गुन्हा नेमका कोणता : बनवलं हा, की टाकून पळाला हा?

वाचनवेडी_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. आमचा आठ जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, एक पुस्तक, दोनदा चहा, असा कार्यक्रम. सहा वर्षांत कधी आवाज चढला नव्हता, तो गेल्या रविवारी चढला. एक काका अर्धा चहा तसाच ठेवून उठले आणि तरातरा निघून गेले, ते छत्री विसरून. छत्री अजून माझ्याकडे आहे.

पुस्तक होतं मेरी शेलीचं 'फ्रँकेनस्टाईन'. बाहेर धो धो पाऊस, धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो ग्रुपवर येतायत, त्यात लाईट गेली. अशा कादंबरीला याहून चांगलं नेपथ्य कुठून मिळणार, असं म्हणून मेणबत्ती लावून चर्चा सुरू केली.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन हा जिनिव्हाच्या सुखवस्तू घरातला मुलगा. इंगोलस्टाटला विद्यापीठात शिकायला जातो, मेलेल्यांचे अवयव जमवून एक जीव घडवतो, आणि त्या जीवाने डोळे उघडताच घाबरून खोलीतून पळ काढतो. पुढे तो जीव त्याच्या जवळच्या माणसांच्या मुळावर उठतो.

मी आपलं सुरुवातीला म्हटलं की पुस्तकाचं सांगणं सरळ आहे, माणसाने देव व्हायला जाऊ नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात यजमानांची अकरावीतली मुलगी, जी खरं तर भजी द्यायला आली होती, म्हणाली, "मावशी, तो देव झाला म्हणून कुठे बिघडलं? पळाला म्हणून बिघडलं."

झालं, दोन तट पडले. उठून गेलेले काका म्हणत होते की मर्यादा ओलांडली तिथेच पाप घडलं, पुढचं सगळं त्याचं व्याज. मुलगी काही मागे हटेना. मी कुठल्या बाजूला आहे ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही सांगा.

मिसळ_पहिली

भजी कसली होती? माझं मत त्यावर अवलंबून आहे.

वाचनवेडी_गंगापूररोड

कांद्याची. नाशकात अजून कसली असणार!

खडूस_काका

चहा टाकून गेलेल्या गृहस्थांशी पूर्ण सहमत. (तो मी नव्हे. मी चहा टाकत नाही.)

आधी वाट्टेल ते बनवायचं आणि मग जबाबदारीच्या गप्पा मारायच्या, हे वरातीमागून घोडं झालं. फ्रिट्झ हाबरचं बघा. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन हा विषारी वायू सोडला तेव्हा हा मोठा रसायनशास्त्रज्ञ स्वतः तिथे हजर होता. त्याची बायको क्लारा, तीही रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, तिने पुढच्या दहा-बारा दिवसांत स्वतःवर गोळी झाडून घेतली. आणि १९१८चं रसायनशास्त्राचं नोबेल हाबरलाच. हुशारीला लगाम नसेल तर हे असं होतं. लगाम आधी घालायचा असतो, घोडा उधळल्यावर नाही.

कोडेवाला

काका, त्याच हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि नोबेल त्याला त्याचं मिळालं. आज जगातला युरिया त्याच वाटेने बनतो. तुमच्या आमच्या ताटातल्या पोळीत हाबर आहे. लगाम आधीच घातला असता तर पोळीही गेली असती.

खडूस_काका

म्हणजे पोळी मिळाली म्हणून वायू माफ?

कोडेवाला

असं मी कुठे म्हटलं? मी म्हणतोय की 'बनवू नये' हे उत्तर आळशी आहे.

निद्रानाश

धाग्याने झोप घालवली. (नव्हतीच तशी.)

अर्धे प्रतिसाद सिनेमावर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो. फ्रँकेनस्टाईन हे बनवणाऱ्याचं नाव. बनवलेल्याला नावच नाही, बापाने बारसंसुद्धा केलं नाही. मानेतले खिळे, टेबलावर झोपवून वर वीज पाडणं, हे १९३१च्या चित्रपटाचं देणं. कादंबरीत नोव्हेंबरची रात्र आहे, पाऊस काचांवर आपटतोय, मेणबत्ती विझत आली आहे, आणि प्राणाची ठिणगी असा नुसता उल्लेख. कृती काय केली ते व्हिक्टर मुद्दाम सांगत नाही. आणि तो डॉक्टर वगैरे नाही, विद्यार्थी आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या मते सगळ्यात भयंकर प्रसंग खुनाचा नाहीच. व्हिक्टर पळतो, रात्र अंगणात काढतो. सकाळी त्याचा बालमित्र क्लेरवल जिनिव्हाहून येतो. त्याला खाली उभा करून व्हिक्टर धडधडत्या छातीने वर जातो, खोलीचं दार ढकलतो. खोली रिकामी! आणि हा गडी काय करतो? आनंदाने टाळ्या वाजवतो. काल रात्री जन्मलेला, बोलता न येणारा, आठ फूट उंचीचा जीव गावात कुठेतरी थंडीत फिरतोय आणि याला वाटतं, सुटलो बुवा! त्या टाळ्यांत मला अख्खी कादंबरी ऐकू येते.

मिसळ_पहिली

परीक्षेला न बसता निकालाच्या दिवशी गावाला गेलेला मुलगा आठवला. त्याचं नाव सांगत नाही. मीच.

ओझरकर_निवृत्त

निद्रानाश, तुम्ही आठ फूट लिहिलंत, पण ते आठ फूट का, ते सांगितलं नाहीत. मला पुस्तकातली तेवढीच गोष्ट पक्की लक्षात आहे.

मी चौतीस वर्षं ओझरला विमानांच्या जोडणीत काढली. व्हिक्टर म्हणतो, शरीरातले बारीक बारीक भाग जोडताना कामाला उरक येईना, म्हणून मी माप मोठं धरलं. हे वाचलं आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अहो, उरक यावा म्हणून माप बदललं! त्या बिचाऱ्याला जन्मभर जे शरीर वागवायचं, त्याचं माप याच्या सोयीने ठरलं. आणि मग तेच शरीर बघून हाच पळाला.

आमच्याकडे साधा रिव्हेट बसवला तरी बसवणाऱ्याची सही वेगळी आणि तपासणाऱ्याची वेगळी. स्वतःच्या कामावर स्वतः शिक्का मारायचा नाही. नवीन पोरं चिडायची, आमच्यावर विश्वास नाही का म्हणायची. विश्वासाचा प्रश्न नसतो. दोन वर्षं एकाच कामावर वाकलेल्या माणसाला त्यातली चूक दिसतच नाही, डोळ्यांना सवय होते.

व्हिक्टरला दुसरी सही करणारा कोणी नव्हता. माडीवरची बंद खोली, घरच्या पत्रांना उत्तर नाही, गुरुजींना पत्ता नाही. त्यामुळे वाचनवेडीताई, तुमच्या दोन्ही तटांत मी बसत नाही. बनवलं हा गुन्हा नाही, पळाला हा नंतरचा. लपवून बनवलं हा पहिला.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ओझरकर साहेब, सलाम. आमच्या लाईनवर पण हेच. फक्त दुसरी सही करणारा कधीकधी न बघता करतो.

ओझरकर_निवृत्त

मग ती सही नव्हे, ऑटोग्राफ.

मखमलाबादची_मंजू

एक बाळबोध शंका. गॉथिक गॉथिक म्हणतात ते नक्की काय? आम्ही धारप आणि मतकरी वाचून दिवाणातल्या गादीत तोंड खुपसणारी पिढी. त्याला गॉथिक म्हणायचं का?

निद्रानाश

नात्यातलंच आहे. पडके वाडे, वादळ, तळघर, बंद खोली, आणि घराण्यातलं जुनं पाप फिरून दाराशी येणं, हा गॉथिकचा जुना ऐवज. मेरी शेलीने काय केलं, तर वाडा काढून तिथे प्रयोगाची खोली ठेवली. भूत बाहेरून येत नाही, तुम्हीच घडवता. म्हणून मांत्रिक बोलावून उपयोग नाही. कोणाला बोलावणार? मांत्रिक तूच!

पुढच्यांनी हीच वाट मळली. १८८६च्या कादंबरीतला डॉक्टर जेकिल निदान औषध स्वतःच पितो, मात्र त्याच्यातला हाईड रस्त्यावरच्या लहान मुलीला तुडवतो, तिला कोणी विचारलं होतं? १८९६च्या कादंबरीतला डॉक्टर मोरो बेटावर जनावरं कापून माणसं करायला बघतो आणि त्याला खंतही नाही. या तिघांत व्हिक्टर मला जास्त ओळखीचा वाटतो, कारण त्याला खंत खूप आहे. रडतो, आजारी पडतो, डोंगरात फिरतो. जे करायला हवं ते सोडून सगळं करतो.

डॉ_होऊ_घातलेली

मी एमबीबीएसला आहे. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पाय ठेवण्याआधी आमच्याकडून शपथ म्हणवून घेतली. समोरचा देह हा तुमचा पहिला शिक्षक, त्याची थट्टा करणार नाही, त्याचं जे आहे ते त्याच्यापाशीच राहील, साधारण असं. तेव्हा आम्हाला जरा नाटकी वाटलं होतं. आमच्या टेबलावर आजोबा होते. देहदान केलेलं. त्यांच्या अंगठ्याला शाईचा डाग होता, बहुतेक कुठेतरी सही करताना लागलेला. तो डाग मी अजून विसरले नाही.

व्हिक्टर सामान कुठून आणतो? स्मशानातल्या हाडांच्या कोठ्या, विच्छेदनाची खोली आणि खाटीकखाना. कोणाची संमती नाही, कोणाचं नाव नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कायद्याने फक्त फाशी गेलेल्या खुन्यांचे देह मिळायचे, ते पुरत नसत, म्हणून थडगी उकरून प्रेतं विकणाऱ्यांचा धंदाच होता. १८३२ला कायदा बदलला तेव्हा तो बसला, पण मग गरीबखान्यातल्या बेवारशांचे देह यायला लागले. म्हणजे चोरी थांबली, संमती आलीच नाही.

१८०३मध्ये आल्दिनी या इटालियन शास्त्रज्ञाने लंडनमध्ये फाशी दिलेल्या माणसाच्या देहातून वीज सोडली होती. जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला, असं तेव्हाच्या वृत्तांतात आहे. बघायला आलेल्या लोकांचं काय झालं असेल! कादंबरीतही पहिलं काय होतं, तर एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. मेरी तेव्हा पाच वर्षांची होती, पण असले किस्से तिच्या वडिलांच्या दिवाणखान्यात फिरत असणार असं मला आपलं वाटतं.

आमच्या वर्गात 'बनवावं का' यावर वाद फार होतात. 'कोणापासून बनवलं' हे मात्र कोणी विचारत नाही.

मिसळ_पहिली

शाईचा डाग वाचून गप्प झालो. आज विनोद नाही.

कोडेवाला

डॉ, तुमच्यावरून २०१८ आठवलं. चीनमधल्या ह जियानकुईने गर्भाच्या जनुकांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या. जगाला ते मुली जन्मल्यावर कळलं. पुढे त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, शिक्षा भोगून तो बाहेरही आला. ओझरकरांच्या भाषेत, दुसरी सही नव्हती. पण त्या मुलींचं काय? त्यांना शाळेत जायचंय, मोठं व्हायचंय. शिक्षा बनवणाऱ्याला झाली. बनवलेल्यांची जबाबदारी शिक्षेत मोडत नाही.

(एआयबद्दल लिहिणार होतो. ऑफिसात दिवसभर तेच चालतं, इथे सोडतो.)

खडूस_काका

आभारी आहे.

पेठरोडचे_मास्तर

उशिरा आलो, पेपर तपासत होतो. आश्चर्य आहे, इतके प्रतिसाद झाले आणि भस्मासुर कसा आला नाही? वर्तमानपत्रांत 'आपणच निर्माण केलेला भस्मासुर' हे वाक्य आठवड्यातून दोनदा असतं, आणि शाळेत मीही वर्षानुवर्षं फ्रँकेनस्टाईनची ओळख अशीच करून दिली. आता वाटतं की चूक केली. भस्मासुर वर घेतानाच कपटी आहे. मेरी शेलीचा जीव तसा नाही. तो जंगलात एका झोपडीशेजारी लपून राहतो, रात्री त्या गरीब कुटुंबासाठी लाकडं तोडून दाराशी ठेवतो, बर्फ बाजूला सारतो. त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो. आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो. डोळस पोरगा घरात शिरतो आणि काठीने बडवतो. पुढे हाच जीव नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो तर गोळी खातो. हा भस्मासुर नव्हे, हा कर्ण आहे.

आणि कर्ण म्हटलं की कुंती आली. दुर्वासांनी मंत्र दिला. तिने तो का म्हटला? मूल हवं म्हणून नाही. मंत्र चालतो का, ते बघायला! कुतूहल, शुद्ध प्रयोग. प्रयोग यशस्वी झाला आणि यशस्वी झाला म्हणूनच घाबरली. पेटी, अश्वनदी, पाणी. पुढे शस्त्रपरीक्षेच्या रंगणात कर्णाला कूळ विचारलं, त्याची मान खाली गेली, आणि हिला सगळं ठाऊक असून ही गप्प. इकडे जस्टीन नावाची मोलकरीण न केलेल्या खुनासाठी फासावर जाते, खरा खुनी कोण हे व्हिक्टरला ठाऊक, आणि तोही गप्प. कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणे. मला पळण्यापेक्षा हे गप्प राहणं मोठं वाटतं. पळणं एका रात्रीचं होतं, गप्प बसणं रोज उठून करावं लागतं.

त्र्यंबककर

मास्तर, __/\__

सईची_आई

मास्तर, छान लिहिलंत, पण कुंतीला व्हिक्टरच्या शेजारी उभं करताना जरा थांबा.

कुंती कोवळी मुलगी. लग्न नाही, दुसऱ्याच्या घरी वाढलेली, मंत्र एका तापट ऋषीने न मागता हातात दिलेला. ते मूल घरात ठेवलं असतं तर तिचं काय झालं असतं ते आपल्याला आजही माहीत आहे. व्हिक्टरला कोणती सक्ती होती? पैसा होता, वडील प्रेमळ, मित्र जिवाला जीव देणारा. तो का पळाला? तर जीव दिसायला कुरूप निघाला म्हणून. कुंतीने पेटीत बाळाला नीट निजवलं, पेटी सोडताना रडली. व्हिक्टरने टाळ्या वाजवल्या.

आणि हे लिहिणारी कोण होती तेही बघा. मेरीची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, हिच्या जन्मानंतर काही दिवसांतच बाळंतरोगाने गेली. मेरी सतराची असताना, लग्न झालेलं नसताना, तिला दिवसांआधी मुलगी झाली आणि ती दोन आठवडेही जगली नाही. मग हिने रोजनिशीत लिहिलंय : स्वप्न पडलं, बाळ मेलं नव्हतं, नुसतं गार पडलं होतं, आम्ही शेकोटीपुढे चोळलं आणि ते जिवंत झालं. जागी झाले तर बाळ नाही. ही १८१५च्या मार्चमधली नोंद. कादंबरी सुरू झाली १८१६च्या जूनमध्ये. मेलेल्याला ऊब देऊन उठवणं हा तिला 'देव होण्याचा' विषय होता असं मला नाही वाटत.

१ जानेवारी १८१८ला पुस्तक निघालं ते निनावी, पाचशे प्रती. प्रस्तावना नवऱ्याने लिहिलेली, म्हणून बऱ्याच जणांनी त्यालाच लेखक धरलं. म्हणजे बनवणारीचं नावच नाही आणि पुढे बनवलेल्याला बनवणाऱ्याचं नाव चिकटलं.

पेठरोडचे_मास्तर

सईची आई, मान्य. कुंतीपुरतं मागे घेतो. गप्प राहण्यापुरतं ठेवतो.

सईची_आई

चालेल. त्यात कुंतीलाही सूट नाही.

त्र्यंबककर

कच-देवयानीचं कोणी लिहिलं नाही. शुक्राचार्यांनी संजीवनीने कचाला उठवलं, आणि शेवटच्या खेपेला पोटात असतानाच विद्या शिकवून मग बाहेर काढलं. ज्याला उठवलं त्याला शिकवलंसुद्धा! व्हिक्टरने एक अक्षर शिकवलं नाही.

शिवाय आमच्या गावची गोष्ट. गौतमांनी शेतातली गाय दर्भाच्या काडीने हाकलली, गाय पडली आणि मेली. मारायचा हेतू नव्हता. गाय तर मायावीच होती, मत्सरी ऋषींनी पाठवलेली. पण गौतम 'माझा हेतू नव्हता' म्हणून घरी बसले नाहीत. ब्रह्मगिरीवर तप केलं आणि त्यातून गोदावरी आली. हेतू नसताना झालेल्या गोष्टीचीही भरपाई करायची असते, ही आमच्याकडे नदीची जन्मकथाच आहे.

मिसळ_पहिली

आता फक्त सत्यनारायण राहिला. कोणीतरी कळावती-लीलावती घ्या म्हणजे आरती करू.

खडूस_काका

आणि त्या भरपाई म्हणून आलेल्या नदीच्या कुंडांत आपण काँक्रीट ओतलं, झरे बुजवले. ते काढा म्हणून लोकांना कोर्टात जावं लागलं. तिथे दोन काय, दहा सह्या असतील. ओझरकर, बोला आता.

ओझरकर_निवृत्त

बोलतो. सह्या फाईलवर असतात, नदीवर नसतात. आमच्याकडे चाचणी उड्डाणाचा दिवस असायचा, तेव्हा सही केलेली माणसं धावपट्टीच्या कडेला उभी राहून वर बघत असायची. ते वर बघणं महत्त्वाचं.

मखमलाबादची_मंजू

विषयाला थोडं सोडून. आपल्या नाशिकला २०२१च्या डिसेंबरात ९४वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ अध्यक्ष! प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची मला आडगावच्या मांडवात बसून फार चुटपुट लागली होती. त्यांनी पहिली कथा स्पर्धेला पाठवताना नावाची आद्याक्षरं उलटी करून ना. वि. जगताप असं नाव घेतलं होतं. मेरीने नाव लपवलं कारण बाई म्हणून कोणी मोजलं नसतं, यांनी लपवलं कारण नाव बघून जास्त मोजलं असतं. गंमत वाटली.

निद्रानाश

मंजू, ही नोंद आवडली.

काकांच्या लगामाकडे परत येतो, कारण पुस्तकात लगामाचं उदाहरण आहे आणि ते बरेच जण विसरतात. सगळी गोष्ट सांगितली जाते ती उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनच्या जहाजावर. वॉल्टनही व्हिक्टरच्याच जातीचा, एका माणसाचा जीव गेला तर काय एवढं, ज्ञान मिळेल ना, असं म्हणणारा. जहाज बर्फात अडकतं. खलाशी येऊन सांगतात, वाट मोकळी झाली की परत फिरायचं, वचन द्या. आणि मरायला टेकलेला व्हिक्टर, ज्याने आत्ताच स्वतःची सगळी राखरांगोळी सांगितली, तो उठून त्या खलाशांना भाषण देतो : भित्रे आहात, मर्द व्हा, पुढे चला! शेवटच्या श्वासालाही तो म्हणतो, महत्त्वाकांक्षा टाळ, आणि लगेच पुढच्या वाक्यात, पण असं मी का म्हणतोय, माझं जमलं नाही, दुसऱ्या कोणाला जमेलही. या माणसाला काहीही शिकवता आलेलं नाही.

जहाज परत फिरतं. वॉल्टनला शहाणपण सुचलं म्हणून नाही, कुरकुरतच फिरतो. खलाशी 'नाही' म्हणाले म्हणून फिरतो. ज्यांचा जीव जाणार होता त्यांनी लगाम खेचला.

खडूस_काका

हे मात्र माझ्या लक्षात नव्हतं. पुन्हा वाचावं लागेल. सावानात (सार्वजनिक वाचनालयात) प्रत आहे का कोणाला ठाऊक?

वाचनवेडी_गंगापूररोड

असेल, नसल्यास माझी घेऊन जा. धाग्याने मला दोन रात्री जागवलं, सगळ्यांचे आभार. काल छत्री द्यायला त्या काकांकडे गेले होते. धागा त्यांनी वाचलाय. म्हणाले, "टाळ्यांचं माझ्या नजरेतून सुटलं होतं." मग चहा दिला. माझा पूर्ण संपेपर्यंत समोर बसून राहिले, आणि म्हणाले की त्या पोरीला माझा नंबर द्या. पुढच्या महिन्याचं पुस्तक तिने निवडायचं ठरलंय.

निफाडचा_बागायतदार

रामराम. मी पुस्तक वाचलेलं नाही. पोरीने धागा वाचून दाखवला. टायपिंग तिचं, बोल माझे.

वर संजीवनीचं आलंय. आमच्या धंद्यात झाडाची वाढ पळवायच्या नाहीतर थांबवायच्या औषधांना संजीवकंच म्हणतात. जीए (जिबरेलिक ॲसिड) नावाच्या संजीवकाच्या पाण्यात द्राक्षाचा घड बुडवला की मणी लांबतो, फुगतो. शिबिरात एका साहेबांनी सांगितलं होतं की हे मूळ जपान्यांच्या भातावरच्या रोगातून सापडलं. रोप उगाच उंच वाढायचं आणि आडवं पडायचं, शेतकरी त्याला वेडं रोप म्हणायचे. १९२६ साली एका शास्त्रज्ञाला कळलं की ती बुरशीच्या रसाची करणी आहे. रोग होता त्याचं औषध झालं. म्हणून बनवू नये असं मी तरी म्हणणार नाही, माझी साडेतीन एकर बाग त्याच्यावर उभी आहे.

पण २०१०चं सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला सीसीसी नावाचं वाढ रोखणारं संजीवक मारायचो, म्हणजे काडीत घड चांगला तयार होतो. सगळेच मारायचे. ते काडीत बसून राहतं आणि पुढच्या हंगामात मण्यात उतरतं, हे आम्हाला कोणी बोललं नव्हतं. युरोपात तपासणीत निघालं आणि माल अडकला. माझाही होता त्यात. दुकानदार म्हणे मी फक्त विकलं. सल्ला देणारा म्हणे प्रमाण मी बरोबर सांगितलं होतं. माल उचलणारा म्हणे आमच्या कागदात ते नव्हतंच. मी म्हणालो, मला तर तुम्हीच सांगितलं ना! चौघांनी टाळ्या वाजवल्या की हो, त्या व्हिक्टरसारख्या. चौथा मी. कारण खाणाऱ्याच्या पोटात काय गेलं, हे आमच्या चौघांत कोणीच काढलं नाही. बुडालेल्या पैशांवर सहा महिने बोललो.

डॉ_होऊ_घातलेली

काका, हा प्रतिसाद आमच्या वर्गात वाचून दाखवू का?

निफाडचा_बागायतदार

दाखवा. गाव सांगू नका.

ओझरकर_निवृत्त

बागायतदार, एक विचारतो. फवारणीची वही ठेवता ना? तिच्यात दुसरी सही कोणाची?

निफाडचा_बागायतदार

आधी नव्हती. वही लिहायची माल काढायच्या आदल्या आठवड्यात, एका बैठकीत, एकाच पेनाने. आता दोन वर्षं झाली, वही पोरीकडे आहे. काय मारायचं, किती, काढणीला किती दिवस राहिले, हे तिने बघून सही केल्याशिवाय ट्रॅक्टर निघत नाही. गेल्या हंगामात माल पंधरा दिवसांवर आला असताना एका फवारणीला ती नाही म्हणाली. भांडलो. जेवलो नाही. हे टाईप करताना ती हसतेय.

नाही मारली.